कडेची दुहेरी गाठ

माझ्या नणंदेच्या तोंडचा पहिला शब्द 'शी'. दार उघडलं की चप्पल काढायच्या आधी 'शी', कारण जिन्यात कुणीतरी थुंकलेलं असतं. चहा हातात दिला की 'शी', कारण कपाचा कान जिथे चिकटवलेला असतो त्या बेचक्यात एक काळी रेघ असते. ती रेघ मला तीस वर्षांच्या संसारात कधी दिसली नव्हती, त्यांना पहिल्या दिवशी दिसली. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा तिने त्यांचं नाव 'शीआत्या' ठेवलं आणि ते साऱ्या इमारतीत रूढ झालं. मी त्यांना वन्सं म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

आता वाटेल, असली नाकं मुरडणारी बाई काम तरी काय करत असेल? अत्तराच्या दुकानात बसत असेल. तर नाही. वन्सं एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात होत्या.

मोजा यंत्रातून निघतो तेव्हा त्याचं बोटांकडचं तोंड उघडं असतं. ते बंद करायचं, म्हणजे पंजा जोडायचा, हे त्यांचं काम. नाकासमोर एक गोल चकती. तिच्या कडेने बारीक काटे. चकती हळूहळू फिरत असते आणि मोजा उलटा करून, आतली बाजू वर घेऊन, वरच्या कडेचा एक टाका आणि खालच्या कडेचा एक टाका असे एकेका काट्यावर बसवत जायचे. एक टाका सुटला की तिथे भोक. चकती कुणासाठी थांबत नाही. दिवसभर लोकरीची आणि सुताची कुसं नाकात जायची, नखांत रंग बसायचा आणि डब्यातल्या घासालाही रंगाचा वास यायचा. "जगाच्या पायात जायची वस्तू दिवसभर तोंडासमोर धरायची. शी!" हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं एक वाक्य यायचंच, मान ताठ करून: "माझा पंजा मात्र कधी उसवून परत आला नाही."

त्याचं कारण होतं. जोड पुरा झाला की कडेला, करंगळीपाशी, धाग्याची एक गाठ मारायची असा नियम. वन्सं दोन मारायच्या. एकीवर एक, दातांनी ओढून पक्क्या. सुपरवायझर वैतागायचा, वेळ जातो म्हणायचा. तो वैतागून थकला, पण वन्संची दुसरी गाठ सुटली नाही. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, अशातली ती बाई.

रंग चुकलेले, जोडीला न लागणारे मोजे कारखाना कामगारांना देऊन टाकायचा. बायका मिळतील ते पोतडीत भरायच्या. वन्सं ढीग उपसून त्यातून फक्त स्वतः जोडलेले शोधायच्या, कडेची गाठ चाचपून, आणि आणून धाकट्या भावाला द्यायच्या. धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा. आमच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ह्या मोज्यांनी भरलेला. एक पाय राखाडी, एक पाय तपकिरी. ह्यांनी जन्मात दुसरा मोजा घातला नाही. मी लग्नानंतर एकदा नवी जोडी आणली होती, तर तिने फरशी पुसली गेली.

हा लोभ समजायला थोडं मागे जावं लागेल. सासूबाई गेल्या तेव्हा वन्सं चौदा वर्षांच्या आणि हे सहा. त्यांनीच ह्यांना वाढवलं. रोज संध्याकाळी हे खेळून आले की दारात अडवायच्या. "शी! पाय बघ तुझे!" मग पाण्याची बालदी, साबण आणि नखं निघतील अशी घासणी. ह्यांच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलंय की अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दिवसभर जिने चढून लोकांच्या पाण्याचे मीटर वाचून आलेला, ताई येतेय असं कळलं की पहिला न्हाणीघरात पाय धुवायला पळतो. मी म्हणायचे, "अहो, ताई येतेय, तपासणी अधिकारी नाही." हे म्हणायचे, "तुला नाही कळायचं."

मग साखर आली. ह्यांच्या रक्तात. पायांची जाणीव हळूहळू गेली. एके दिवशी कामावरून आल्यावर मोजा निघेना. ओढला तर त्याच्याबरोबर पाण्यासारखं रक्त आलं आणि असा वास आला की मी तोंड फिरवलं. करंगळी काळी पडली होती. ह्यांना काही दुखत नव्हतं. हे मला विचारत होते, "काय झालं गं?"

करंगळी काढावी लागली. महिनाभराने शेजारच्या बोटावर तशीच जखम झाली. दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने ह्यांचा मोजा मागितला. उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि कडेला थांबली. "ही बघा गाठ. खड्यासारखी आहे. तुमच्या-आमच्या पायाला टोचली असती, आपण मोजा झटकला असता. ह्यांच्या पायाला कळतच नाही. दिवसभर घासत राहिली. शिवण नसलेला मोजा हवा, मऊ, सुरकुती न पडणारा. सहा आठवड्यांत ही जखम भरली तर ठीक. नाहीतर डॉक्टर अर्धा पंजा काढायचं म्हणताहेत."

बाहेर बाकावर बसल्यावर ह्यांनी माझं मनगट धरलं. "ताईला सांगायचं नाही."

"काय?"

"मोज्याचं. करंगळी गेल्याचंही. कधीच नाही. आणि पायही दाखवायचा नाही तिला."

अर्धा पंजा जायची वेळ आलीय आणि ह्या माणसाला काळजी बहिणीची! आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? पण मला दोघांचाही मनस्वी संताप आला. घरी आल्यावर खालचा खण रिकामा करून सगळे मोजे कचऱ्यात टाकणार होते. हे लंगडत आडवे आले. "राहू दे. तिने निवडून आणलेत." राहिले.

आणि खरं सांगू? मला किळस यायची. माझ्या नवऱ्याच्या पायाची. प्रेम वगैरे सगळं आपल्या जागी, पण पू तो पू. रोज सकाळी नाकावर रुमाल बांधून, श्वास रोखून मी ती पट्टी सोडायची. ओलसर पिवळी पट्टी सुटताना चिकटायची. मग जेवणावरची वासना उडायची. मला कुणी 'शी' म्हणायची मुभा दिली नव्हती. ती सगळी वन्संच्या नावावर जमा होती.

बाजारातून मी तीन जोड्या आणल्या. एकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, शिवण नाही. आत बोट घातलं तर शिवण होती. दुसऱ्याचं इलॅस्टिक पोटरीत रुतत होतं. तिसरा एका धुण्यात आमच्या नातवाच्या मापाचा झाला. शेवटी गाडी येऊन थांबली ती वन्संपाशीच. मी त्यांना एवढंच सांगितलं की डॉक्टरांना शिवण नसलेला मोजा हवाय.

"आईचा मोजा," वन्सं लगेच म्हणाल्या. "तो कसा विणायचा ते तिने कागदावर लिहून ठेवलंय, आहे माझ्याकडे. पाय दाखव म्हणावं त्याला, माप घेते."

"डॉक्टरांनी उघडा ठेवायला मनाई केलीय," हे आतूनच ओरडले. खोटं बोलताना ह्यांचा आवाज नेहमी चढतो.

वन्संनी सुया हातात घेतल्या आणि तिथेच खेळ आटोपला. एकतीस वर्षं काट्यांवर टाके बसवून बसवून त्यांची बोटं आतल्या बाजूला वळलीत. सुई दोन बोटांत धरली की गळून पडते. तिसऱ्यांदा सुई पडली तेव्हा त्यांनी ती लाथेने कोचाखाली सरकवली. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी मी खेळण्यांच्या दुकानातून लूम आणला. नाव मोठं, वस्तू साधी: प्लास्टिकचं एक गोल कडं, त्यावर छत्तीस खुंट्या, आणि एक आकडा. खुंटीला लोकर गुंडाळायची आणि खालचा वेढा आकड्याने उचलून खुंटीवरून पलीकडे टाकायचा, की झाला एक टाका. सुई धरायला नको. कोपर टेकून, सगळ्या मुठीने आकडा धरून विणता येतं.

वन्संनी ते कडं हातात घेतलं, गोल फिरवलं, आणि तोंड असं केलं, जणू कडू औषध दिलंय. "शी! परत तीच चकती! एकतीस वर्षांनी सुटले तर तू पोपटी रंगाची घेऊन आलीस!"

"पण ही थांबते," मी म्हटलं. "तुम्ही थांबलात की थांबते."

त्यांनी कडं खाली ठेवलं नाही.

पुढचे दोन दिवस जेवणाच्या टेबलावर युद्ध झालं. सासूबाईंचा कागद दोन सुयांच्या मोज्याचा. पन्नास टाके घाला, पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. दोन सुयांवर आपण एक ओळ पुढून विणतो आणि वळून मागून परत येतो. मागून येताना उलट विणलं तरच पुढून सुलट दिसतं. शेवटी दोन्ही कडा जोडून शिवायच्या, आणि ती शिवण पोटरीवरून, टाचेवरून थेट तळव्याखाली. म्हणजे शिवण टाळायला काढलेल्या कागदातच हातभर शिवण! कड्यावर मात्र आपण गोल गोल फिरतो. मागे वळायचं कामच नाही. शिवणच नाही.

"म्हणून कागदात जिथे उलट आहे तिथे इथे सुलटच विणायचं," मी समजावलं. "आणि पन्नासातले दोन टाके शिवणीत जायचे, ते गाळायचे. अठ्ठेचाळीस राहिले. खुंट्या छत्तीस आहेत, तेव्हा लोकर जाड घ्यायची."

"थांब. सुलट म्हणजे कुठली बाजू?"

"कुठली म्हणजे? बाहेर दिसते ती."

"बाहेरची बाजू?" वन्सं खरोखरच गोंधळल्या. "बाहेरची बाजू मी कधी बघितली? माझ्याकडे मोजा यायचाच उलटा. आतली बाजू वर. आम्ही तिलाच सुलट म्हणायचो."

मी कपाळाला हात लावला. त्यांना उंटावरची शहाणी म्हणावं तर टाक्यांचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणाला नव्हतं. टाचेशी माझं डोकं चालेना. कागदातली टाच म्हणजे एक पट्टी विणून तिच्या कडेने टाके उचलायचे, ते खुंट्यांवर जमत नाही. वन्संनी डोळे मिटले, हवेत बोटं हलवली आणि सांगितलं, "अर्ध्याच खुंट्यांवर जा-ये करायची. अठरा. दरवेळी एक खुंटी आधी वळायचं, मधल्या सहा उरेपर्यंत. मग उलट्या क्रमाने एकेक परत घ्यायची. खोबण तयार होते. पंजाही तसाच." जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे त्यांनी सगळं पेन्सिलने लिहून काढलं. शेवटी समोरासमोरच्या अठरा-अठरा टाक्यांतून आकड्याने धागा ओढून घ्यायचा, टाक्यात टाका, म्हणजे जोड बोटालाही लागत नाही. ही करामत त्यांच्याशिवाय कुणाला जमली नसती, हे मी नाक मुठीत धरून कबूल करते.

मापासाठी मी एक चलाखी केली. वर्तमानपत्रावर ह्यांच्या डाव्या, धडक्या पायाची बाह्यरेषा काढली आणि वन्संना दिली. कागद पालथा करून, दुखऱ्या उजव्या पायाचं माप म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दहा दिवसांत मोजा झाला. पांढरा, मऊ, एकसारखा. वन्संनी तो माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मी आत बोट घातलं. जोड लागला नाही. पण कडेला, करंगळीपाशी, बोटाला खडा लागला. एकीवर एक. दातांनी ओढलेल्या.

"वन्सं, ही गाठ..."

"दुहेरी आहे. उसवायची नाही."

सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. दारात हे उभे होते, माझ्याकडे बघत. त्या गेल्यावर मी कात्री घेतली आणि गाठ कापली.

पण गाठ कापून काय होणार? सिस्टरने मोजा पायावर चढवला आणि जिथे करंगळी नव्हती तिथे कापडाची चुणी गोळा झाली. नेमकी जखमेवर. "विणलंय सुरेख," ती म्हणाली. "पण हा मोजा ह्या पायाचा नाही. ज्याने विणलाय त्याने पाय बघितलाय का?"

जखम रतीभर वाढली होती. तीन आठवडे उरले होते.

मी संध्याकाळी वन्संकडे मोजा परत नेला आणि चुणी पडते एवढं सांगितलं. "पडणारच!" त्या कडाडल्या. "पाय न बघता मोजा विणायला मी काय ज्योतिषी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात ह्यांची पट्टी सोडत होते. नाकावर रुमाल, हातात कापूस. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले तर वन्सं. दार मीच उघडं टाकलं होतं. ह्यांनी झटकन टॉवेल पायावर ओढला.

"धाकट्या, टॉवेल काढ."

"ताई, बाहेर बस. घाण आहे इथे."

"काढ म्हणते ना."

ह्यांचं तोंड सहा वर्षांच्या मुलासारखं झालं. पण टॉवेल ह्यांनी स्वतःच काढला.

वन्सं खाली बसल्या. ओल्या फरशीवर. आमच्या घरी खुर्चीवर बसताना आधी हाताने झटकणारी ही बाई! त्यांच्या नाकावर रुमाल नव्हता. वास त्यांना आला नसेल असं होणंच शक्य नाही. त्यांनी ह्यांची टाच तळहातावर घेतली आणि पाय उजेडाकडे वळवला. सुजलेला, चकचकीत पाय. करंगळीच्या जागी टाक्यांचा व्रण, शेजारच्या बोटावर ती ओली जखम. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे डोळे मिटून वाट बघत होते.

वन्संचा अंगठा पायाला न लागता, बोटांच्या वरून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हवेतच सरकला आणि करंगळीच्या जागेवर थांबला. सिस्टरचा थांबला होता तिथेच.

"कुठला मोजा होता?"

"बाजारातला," हे म्हणाले. आवाज चढला.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी मिठाची गुळणी धरली होती, पण माझ्या चेहऱ्यावर कधी काही लपलेलं नाही.

"बाजारातल्या मोज्याची गाठ इतकी पुढे येत नाही," त्या म्हणाल्या. "इथे माझी येते."



"ताई, तुझा काय दोष? पायालाच कळलं नाही."

वन्संनी पिशवीतून लोकर काढली आणि तिचे तुकडे तोडून मापं घेतली: घोट्याभोवती, चवड्याभोवती, टाचेपासून प्रत्येक बोटापर्यंत वेगळं. पायाला धागा लागू न देता. "करंगळीच्या बाजूने चार खुंट्या आधी वळायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठायला लागल्या तर उठता येईना. मी हात दिला.

"ताई," हे म्हणाले. "म्हणाली नाहीस."

"काय?"

"शी."

वन्सं दारात थांबल्या. "तेव्हा पाय मळलेला असायचा," त्या म्हणाल्या. "धुतला की जायचं."

त्या गेल्यावर हे लहान मुलासारखे रडले. मी तोवर नाकावरचा रुमाल सोडला होता. कधी सोडला ते आठवत नाही.

दुसरा मोजा नवव्या दिवशी आला. त्यांची बोटं सुजली होती. मोजा बघून मला धक्काच बसला. बाहेरून सगळा खडबडीत, उलट टाक्यांचा, आणि लोकरीची टोकं जागोजागी शेपटासारखी लोंबत होती. गाठ एकही नाही.

"वन्सं, हा उलटा आहे!"

"उलटा नाही. सुलट बाजू आत आहे. त्याच्या पायाकडे." त्यांनी मोज्यात हात घालून दाखवलं. "खडबड, टोकं, सगळं बाहेर. जगाने बघावं."

मी आत हात घातला. रेशमासारखं लागलं. पण कड्यावर उलट टाका घालणं म्हणजे शिक्षा असते. सुलट टाक्याला एक झटका पुरतो. उलट टाक्याला धागा खालून घ्या, वेढ्यातून वर ओढा, खुंटी मोकळी करा, पुन्हा चढवा. ह्या बाईने असा अख्खा मोजा विणला होता, त्या बोटांनी.

"अहो वन्सं," मला राहवेना, "नेहमीसारखा सुलट विणायचा आणि घालताना उलटा करून घालायचा. हेच झालं असतं!"

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मोज्याकडे बघितलं. कड्याकडे बघितलं.

"शी!" त्या म्हणाल्या. "आधी नाही सांगायचं?"

"तुम्हाला सुचलं कसं नाही?"

"उलटा केलेला मोजा म्हणजे अर्धा झालेला मोजा," त्या चिडून म्हणाल्या. "माझ्याकडून तो सुलटा करणाऱ्या बाईकडे जायचा. अर्धा मोजा घालू का मी त्याच्या पायात?"

मी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, पोट धरून. ह्यांनी मोजा चढवला. चुणी पडली नाही. पाय लांब करून वन्संपुढे धरला तर त्या म्हणाल्या, "शी! काय गबाळं ध्यान दिसतंय!" आणि हे इतके खूश झाले की दिवसभर तेच सांगत राहिले.

असे आणखी दोन विणले, सुलट विणून उलटे केलेले, पण वन्संच्या समाधानासाठी आम्ही त्यांना उलटे म्हणत नाही. सहा आठवडे झाले तेव्हा जखमेवर कोरडी खपली होती. डॉक्टरांनी पाय इकडून तिकडून बघितला आणि चाकूचा विषय काढला नाही. सिस्टरने मोजा हातात घेऊन विचारलं, "बघितला वाटतं पाय?"

त्याच दुपारी वन्सं दोन मोठ्या पिशव्या घेऊन आल्या. जिन्याला, कपाला, कशालाच 'शी' म्हणाल्या नाहीत. सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि खालचा खण ओढून पलंगावर पालथा केला. हे म्हणाले, "ताई, राहू दे गं. आठवण म्हणून." त्यांनी ऐकलं नाही.

नुसते भरून नेले असते तर पाच मिनिटांचं काम. पण वन्सं पलंगाच्या कडेवर बसल्या आणि एकेक मोजा उलटा करायला लागल्या. आत अंगठा घालायचा, जोडावरून कडेपर्यंत न्यायचा, गाठ चाचपायची आणि पिशवीत टाकायचा. "शी." पुढचा. "शी." अगदी हळू, कुणाला ऐकवायला नाही. आम्ही दोघं दारात उभे होतो. राखाडी, तपकिरी, निळे, एकतीस वर्षांचे. त्यातला एकही कुठे उसवलेला नव्हता.

शेवटी एक निळा राहिला. त्याच्या जोडावरून त्यांचा अंगठा दोनदा गेला. त्यांनी तो खिडकीकडे धरून बघितला.

"हा बरा जोडलाय," म्हणाल्या, आणि तोही पिशवीत टाकला.